मेम्फिसचं डब्ल्यूडीआयए: मालक गोरे, आवाज ब्लॅक, आणि स्टेशन सगळ्या वस्तीचं

२५ ऑक्टोबर १९४८, दुपारचे चार. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं मेम्फिस शहर, तिथल्या युनियन अव्हेन्यूवरचं एक छोटंसं रेडिओ स्टेशन, आणि माईकसमोर बसलेले शाळेत इतिहास शिकवणारे एक मास्तर. नाव नॅट डी. विल्यम्स. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण सुरू करायची खूण झाली आणि डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, काही सुचेना, म्हणून ते मोठ्याने हसले. पोटातून आलेलं खळखळून हसू. ते हसूच पुढे त्यांची ओळख बनलं, कार्यक्रम त्या हसण्यानेच सुरू व्हायला लागला.

आता यात एवढं काय, असं वाटेल. तर नॅट डी. कृष्णवर्णीय होते, स्टेशन गोऱ्यांचं होतं, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत एका कृष्णवर्णीय माणसाने रेडिओवर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पद्धतीने, आपल्याच लोकांशी बोलणं हे तोवर जवळपास घडत नव्हतं. त्या दिवशी स्टेशनला धमकीचे फोन आले, बॉम्ब ठेवू म्हणणारेही होते. पण दुसऱ्या बाजूने कौतुकाची पत्रंही यायला लागली, आणि वर्षभरातच डब्ल्यूडीआयए हे संपूर्ण कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करणारं अमेरिकेतलं पहिलं रेडिओ स्टेशन झालं.

हा सगळा प्रकार नीट समजायचा असेल तर आधी त्या काळचं मेम्फिस डोळ्यासमोर आणायला लागेल. शहरात १० पैकी जवळपास ४ माणसं कृष्णवर्णीय. पण शाळा वेगळ्या, बसमध्ये बसायच्या जागा वेगळ्या, प्यायच्या पाण्याचे नळसुद्धा वेगळे, प्राणीसंग्रहालयात कृष्णवर्णीयांना आठवड्यातला एकच दिवस. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रात कृष्णवर्णीय बाईच्या नावापुढे ‘मिसेस’ लावायचे नाहीत, नुसतं नाव छापायचे, आणि बातमी बहुतेक वेळा गुन्ह्याची. म्हणजे शहराच्या एवढ्या मोठ्या भागाचं लग्न, बारसं, मयत, शाळेचा निकाल, चर्चचा कार्यक्रम, यातलं काहीच सार्वजनिक जगात दिसत नव्हतं. कृष्णवर्णीयांची स्वतःची वर्तमानपत्रं होती, चांगली होती, पण कागद विकत घ्यावा लागतो, वाचता यावं लागतं, आणि खेड्यात तो पोचू द्यायचा की नाही हे तिथला गोरा शेतमालक किंवा शेरीफ ठरवू शकायचा. रेडिओच्या लहरीला गावाच्या वेशीवर कोण अडवणार? सेट एकदा घेतला की झालं, आणि एका सेटभोवती दहा जण बसतात.

तसं अगदीच काही नव्हतं असंही नाही. शिकागोत जॅक एल. कूपर यांनी १९२९ मध्येच कृष्णवर्णीय कलाकारांचा तासाभराचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला होता, आणि मिसिसिपी नदीकाठच्या हेलेना गावात केएफएफए स्टेशनवर १९४१ पासून रोज दुपारी पीठ विकायच्या निमित्ताने थोडा वेळ ब्लूज, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, वाजायचं. पण हे सगळं दुसऱ्याच्या घरात एक खोली भाड्याने घेतल्यासारखं, वेळ संपली की बाहेर.

मग डब्ल्यूडीआयएच्या गोऱ्या मालकांनी हे का केलं? समाजसुधारणेसाठी अजिबात नाही, आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर गोष्ट उगाच गोड होते. जॉन पेपर आणि बर्ट फर्ग्युसन या दोघांनी जून १९४७ मध्ये स्टेशन सुरू केलं, कंट्री गाणी लावली, पॉप लावलं, काहीही चालेना. शहरात आधीपासून जुनी मोठी स्टेशनं होती, त्यांच्यामागे राष्ट्रीय नेटवर्कं होती, नवीन माणसाकडे जाहिरातदार कशाला येतील? आणि हे एकट्या मेम्फिसचं नव्हतं, महायुद्ध संपल्यावर देशभर रेडिओचे परवाने धडाधड वाटले गेले आणि काही वर्षांत स्टेशनांची संख्या दुपटीहून जास्त झाली, शिवाय टीव्ही येऊ घातला होता आणि मोठे जाहिरातदार तिकडे बघायला लागले होते. म्हणजे छोट्या स्टेशनला जगायचं असेल तर असा श्रोता शोधायचा जो दुसऱ्या कोणाला नकोय. तो समोरच होता. शहरातली ४० टक्के माणसं, रोज पीठ, साबण, कॉफी, औषधं विकत घेणारी, आणि त्यांच्याशी बोलणारं एकही स्टेशन नाही.

फर्ग्युसन नॅट डीं.ना आधीपासून ओळखत होते. बील स्ट्रीट म्हणजे मेम्फिसमधल्या कृष्णवर्णीयांचा मुख्य रस्ता, दुकानं, थिएटरं, संगीत सगळं तिथे, आणि तिथल्या पॅलेस थिएटरमध्ये नवशिक्या कलाकारांची स्पर्धा व्हायची तिचं निवेदन हे मास्तर करायचे. बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये ते शिकवायचे, वर्तमानपत्रात सदर लिहायचे. म्हणजे अर्ध्या वस्तीला त्यांनी शिकवलेलं आणि उरलेल्या अर्ध्यांनी त्यांना स्टेजवर बघितलेलं. रेडिओ सुरू झाल्यावरही त्यांनी शाळा सोडली नाही. सकाळी लवकर उठून रेडिओवर सकाळचा कार्यक्रम, मग शाळेत जाऊन दिवसभर इतिहास, शाळा सुटली की परत स्टेशनवर चारचा कार्यक्रम. वर्षानुवर्षं असं. हा माणूस मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा वाटतो, गाणारे पुढे जगप्रसिद्ध झाले ते वेगळं.

गाणाऱ्यांचं बोलायचं तर नॅट डीं.चा कार्यक्रम सुरू झाल्यावर काही महिन्यांतच तिथे एक विशीतला पोरगा गिटार घेऊन आला, रायली किंग. मिसिसिपीत कापसाच्या शेतात ट्रॅक्टर चालवणारा. मालकांना तेव्हा पेप्टिकॉन नावाचं एक टॉनिक विकायचं होतं, असली टॉनिकं तेव्हा खूप खपायची आणि त्यांच्यात बऱ्यापैकी अल्कोहोल असायचं, तर त्याने त्याची जाहिरात गाऊन दाखवली आणि त्याला दिवसाला १० मिनिटं मिळाली. पगार नाही, पण रात्री कुठे गाणार आहोत ते रेडिओवर सांगायची मुभा, आणि गावोगावच्या छोट्या क्लबात गाणाऱ्याला यापेक्षा मोठं काय पाहिजे. पुढे तो तिथे डीजे, म्हणजे गाणी लावणारा निवेदक, झाला, त्याला बील स्ट्रीट ब्लूज बॉय म्हणायला लागले, त्याचं झालं ब्लूज बॉय, आणि त्याचं बी. बी. किंग. जगाला जे नाव माहीत आहे ते या स्टेशनवर तयार झालं.

रूफस थॉमस हे दुसरं मोठं नाव. नॅट डीं.चेच विद्यार्थी, दिवसा कापडाच्या कारखान्यात बॉयलरवर काम, आणि कामावरून सुटले की थेट स्टुडिओत. १९५३ मध्ये सन रेकॉर्ड्स या मेम्फिसच्या रेकॉर्ड कंपनीला पहिलं मोठं यश मिळालं ते यांच्याच गाण्याने, गोरा गायक एल्विस प्रेस्ली तिथे नंतर आला. त्यांची मुलगी कार्ला थॉमस शाळेत असतानाच स्टेशनच्या टीन टाउन सिंगर्स या मुलांच्या गटात गायला लागली, आणि पुढे स्टॅक्स रेकॉर्ड्स या मेम्फिसच्याच दुसऱ्या कंपनीची मोठी गायिका झाली. हा गट ए. सी. विल्यम्स नावाचे दुसरे एक शाळामास्तर चालवायचे. मास्तर लोकांनी चालवलेलं रेडिओ स्टेशन, असंच म्हणायला पाहिजे.

बायकांचंही सांगायलाच हवं कारण हा भाग नेहमी गाळला जातो. विला मन्रो यांचा गृहिणींसाठीचा कार्यक्रम १९४९ मध्ये सुरू झाला आणि त्यात रेसिपी असायच्या, वस्तीतल्या क्लबांच्या, लग्नांच्या, समारंभांच्या बातम्या असायच्या, बायकांना नीट मानाने संबोधलं जायचं. गोऱ्यांच्या पेपरात जिला ‘मिसेस’ मिळत नव्हतं तिचं नाव रेडिओवर पूर्ण मानाने घेतलं जातंय हे ऐकताना तिला काय वाटत असेल याचा विचार करा, रेसिपी हे निमित्त. मग १९५४ मध्ये मार्था जीन स्टाइनबर्ग आल्या, लोक त्यांना ‘द क्वीन’ म्हणायचे. त्या पुढे डेट्रॉइटला गेल्या आणि १९६७ मध्ये तिथे दंगल पेटली तेव्हा जवळपास दोन दिवस रेडिओवर राहून त्यांनी लोकांना घरात थांबायची विनंती केली. १९९७ मध्ये तर डेट्रॉइटमधलं एक स्टेशनच त्यांनी विकत घेतलं.

पण मला विचाराल तर डब्ल्यूडीआयए वस्तीचं झालं ते गाण्यांपेक्षा घोषणांमुळे. कोणाचं मूल हरवलं, कोणाचं पाकीट बसमध्ये राहिलं, गाय सुटली, कवळी हरवली, म्हातारे आजोबा घरी आले नाहीत, तर लोक पोलिसांकडे जात नसत. तिथे त्यांचं ऐकून कोण घेणार होतं? ते रेडिओ स्टेशनला कळवायचे. डीजे गाण्यांच्या मधे ते वाचून दाखवायचा आणि बऱ्याच वेळा वस्तू मिळायची, माणूस मिळायचा, कारण ऐकणारा जो कोणी असेल तो त्याच गल्लीतला. नोकऱ्यांच्या जाहिराती वाचल्या जायच्या, चर्चचे कार्यक्रम, मयताच्या बातम्या, आजारी माणसाला रक्त हवंय हेसुद्धा. सरकारने आणि शहराने जी कामं करायला हवी होती आणि या लोकांसाठी केली नाहीत ती रेडिओवरून व्हायला लागली.

यातूनच गुडविल फंड उभा राहिला. दरवर्षी स्टेशन संगीताचा मोठा कार्यक्रम करायचं, गुडविल रिव्ह्यू, आणि तिकिटाचे पैसे वस्तीच्या कामाला. अपंग कृष्णवर्णीय मुलांना शाळेत न्यायला शहराची गाडी नव्हती, त्यासाठी बस घेतल्या. मुलांच्या बेसबॉल टीमना गणवेश आणि सामान. डिसेंबर १९५६ च्या रिव्ह्यूला एल्विस प्रेस्ली आला होता, तोवर तो देशभर गाजलेला, कराराच्या बंधनामुळे त्याला गाता येत नव्हतं, रूफस थॉमस त्याला हाताला धरून स्टेजवर घेऊन आले, त्याने जरासा पाय हलवला आणि सभागृह उठून उभं राहिलं. त्याच्या गाण्यात जे होतं ते त्याने कुठून उचललं होतं हे त्या सभागृहात सगळ्यांना माहीत होतं, तो स्वतःही हे स्टेशन ऐकत वाढलेला.

आता थोडं टेक्निकल, कारण ते कळल्याशिवाय १९५४ चं महत्त्व कळणार नाही. सुरुवातीला स्टेशनची ताकद होती फक्त २५० वॅट आणि परवाना फक्त दिवसाचा, सूर्य मावळला की बंद. का? तर एएम रेडिओ, म्हणजे आपण ज्याला मिडियम वेव्ह म्हणतो तो, दिवसा जमिनीलगत प्रवास करतो आणि ठरावीक अंतरापर्यंतच जातो, पण अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरात, आयनोस्फिअरमध्ये, बदल होतो आणि तिथून लहरी परत खाली फेकल्या जातात, त्यामुळे शेकडो किलोमीटर लांबचं स्टेशनही ऐकू येतं. जुना रेडिओ ज्यांच्या घरी होता त्यांना रात्री लांबची स्टेशनं घुसायची ते आठवत असेल. आता रात्री सगळेच चालू राहिले तर एकमेकांवर चढून कोणाचंच काही कळणार नाही, म्हणून रेडिओचे परवाने देणारी अमेरिकेची एफसीसी ही सरकारी संस्था छोट्या स्टेशनांना रात्री बंद करायला लावायची. हिवाळ्यात तर पाचला अंधार, म्हणजे लोक कामावरून घरी यायच्या वेळेला स्टेशन बंद.

जून १९५४ मध्ये डब्ल्यूडीआयएला नवी फ्रिक्वेन्सी मिळाली, १०७०, आणि दिवसाची ताकद एकदम ५०,००० वॅट. अमेरिकेत एएम स्टेशनला यापेक्षा जास्त मिळतच नाही. रात्री ताकद कमी, पण रात्री चालवायची परवानगी. २५० चे ५०,००० म्हणजे वॅट २०० पट वाढले, पण लहरीचा जोर वॅटच्या वर्गमुळाने वाढतो, तर तो साधारण १४ पट. ऐकायला कमी वाटेल पण मेम्फिस आहे मिसिसिपी डेल्टाच्या तोंडाशी, आजूबाजूला शेकडो मैल कापसाची सपाट शेतं आणि त्यात राबणारी लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं. स्टेशन जाहिरातदारांना सांगायला लागलं की आमच्या टप्प्यात १२ लाख ३७ हजारांवर कृष्णवर्णीय लोक आहेत, म्हणजे देशातल्या दर दहा कृष्णवर्णीयांतला जवळपास एक. ज्या मोठ्या कंपन्या आधी ‘कृष्णवर्णीयांच्या स्टेशनवर’ जाहिरात द्यायला घाबरायच्या, गोरी गिऱ्हाइकं जातील म्हणून, त्या रांगेत आल्या.

आणि इथे खरी अडचण सुरू होते. पैसा कोणाकडे गेला? माईकवर बहुतेक सगळे कृष्णवर्णीय, पण मालक गोरे, मॅनेजर गोरे. १९५७ मध्ये मालकांनी स्टेशन विकलं तेव्हा नवा मालकही गोराच, एगमाँट सोंडरलिंग. नागरी हक्कांच्या बाबतीत पन्नासच्या दशकात स्टेशन जपून वागायचं, जाहिरातदार दुखावतील असं काही जोरात बोललं जायचं नाही. काही लोक म्हणतात की म्हणून डब्ल्यूडीआयए म्हणजे गोऱ्यांचा धंदाच होता. मला हे अर्धंच पटतं. धंदा होता हे खरं. पण रोज सकाळी उठून माईकवर बसणारे नॅट डी., रूफस, विला मन्रो यांनी त्या धंद्याच्या आत जे उभं केलं ते मालकांच्या हिशेबात कुठे लिहिलेलंच नव्हतं. नॅट डीं.नी ‘ब्राउन अमेरिका स्पीक्स’ नावाचा चर्चेचा कार्यक्रम केला आणि त्यात वस्तीचे खरे प्रश्न मोकळेपणाने मांडले, १९४९-५० च्या मेम्फिसमध्ये. त्याला हिंमत लागते.

मालकी आपली असली की काय होतं हे बघायचं तर अटलांटाला जायला लागेल. तिथे जेसी ब्लेटन या कृष्णवर्णीय अकाउंटंट प्राध्यापकांनी १९४९ मध्ये ५०,००० डॉलरला डब्ल्यूईआरडी हे स्टेशन विकत घेतलं, कृष्णवर्णीय मालकीचं अमेरिकेतलं पहिलं. पुढे त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचं ऑफिस आलं, आणि असं सांगतात की किंगना काही बोलायचं असलं की ते झाडूच्या दांड्याने छतावर ठोकायचे आणि वरून डीजे माईक खाली सोडायचा. बर्मिंगहॅममध्ये १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी मुलांचा मोर्चा निघाला तेव्हा शेली स्टुअर्टसारख्या डीजेंनी रेडिओवरून सांगितलं की पार्कात पार्टी आहे, टूथब्रश घेऊन या. टूथब्रश कशाला, तर रात्र तुरुंगात काढायला लागणार म्हणून. पोरांना कळलं, पोलिसांना नाही.

मेम्फिसवर हा प्रसंग १९६८ मध्ये आला. १ फेब्रुवारीला पावसातून आडोशाला कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. त्यानंतर जवळपास १,३०० कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले, ‘आय ॲम अ मॅन’ लिहिलेले फलक घेऊन रोज रस्त्यावर. त्यांना पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग आले आणि ४ एप्रिलला लोरेन मोटेलच्या बाल्कनीत त्यांची हत्या झाली. त्या रात्री देशभर शहरं जळत होती, आणि डब्ल्यूडीआयएने नेहमीचे कार्यक्रम थांबवून लोकांना शांत राहायची विनंती केली. ज्या आवाजांनी २० वर्षं यांची हरवलेली पोरं शोधून दिली तेच आवाज, म्हणून लोकांनी ऐकलं तरी.

त्यानंतर मालकीचं चित्र हळूहळू हललं. १९७२ मध्ये चक स्क्रग्ज हे डब्ल्यूडीआयएचे पहिले कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर झाले, म्हणजे स्टेशन कृष्णवर्णीयांचं म्हणून ओळखलं जायला लागून २० वर्षं उलटून गेल्यावर. १९७७ मध्ये आर्ट गिलियम यांनी डब्ल्यूएलओके घेतलं, मेम्फिसमधलं कृष्णवर्णीय मालकीचं पहिलं स्टेशन. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने किती स्टेशनं ठेवायची यावरची देशपातळीवरची मर्यादाच काढून टाकली आणि मोठ्या कंपन्यांनी छोटी स्टेशनं गिळायला सुरुवात केली. डब्ल्यूडीआयए क्लिअर चॅनलकडे गेलं, जिचं नाव आता आयहार्टमीडिया. १०७० वर ते अजून चालू आहे, जुनं सोल आणि आर अँड बी लावतं. स्टेशन जिवंत आहे याचा मला आनंद आहे, पण शेकडो स्टेशनं एका ऑफिसातून चालवणारी कंपनी एखाद्याच्या हरवलेल्या कवळीसाठी गाणं थांबवेल का, मला नाही वाटत.

चक स्क्रग्जचं एक काम मात्र सांगायचं राहिलंच. लोरेन मोटेल सत्तरच्या दशकात पार मोडकळीला आलं, कर्ज थकलं, आणि लिलाव होणार असं ठरलं. स्क्रग्ज, वकील डार्मी बेली आणि आणखी काहींनी मिळून किंग यांच्या नावाने एक संस्था काढली, डब्ल्यूडीआयएवरून वर्गणीचं आवाहन केलं, थोडे पैसे लोकांनी दिले, थोडं कर्ज ट्राय-स्टेट बँक या मेम्फिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या बँकेने दिलं, आणि काही रक्कम १९६८ मध्ये संपावर गेलेल्या त्याच सफाई कामगारांच्या युनियनने घातली. डिसेंबर १९८२ च्या लिलावात १ लाख ४४ हजार डॉलरला मोटेल त्यांच्या हातात आलं. १९९१ मध्ये तिथे राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय उघडलं.